गुरुवारी न गाणारा पक्षी

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. सगळे अशीच सुरुवात करतात हे मला माहीत आहे. कंपनीच्या बसमध्ये बसून मोबाईलवर तुमच्या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव वाचते ना मी. पण माझं खरंच तसं होतं. माझं लहानपण उसाच्या फडात गेलं. तिथे प्रत्येक विहिरीत एक भूत आणि प्रत्येक बांधावर एक हडळ असायची. बायका चुलीपुढे बसून त्यांच्या गोष्टी सांगायच्या आणि मी ऐकता ऐकता झोपून जायची. भीती वाटायलासुद्धा अंगात ताकद उरावी लागते.

शाळा चौथीपर्यंत झाली, तेव्हा लिहिण्यात काही चुकलं तर सांभाळून घ्या. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते. लिहिताना समोर कोणी नसतं म्हणून लिहिते आहे. पाठवेन की नाही, अजून ठरवलेलं नाही.

आम्ही मूळचे बीडकडचे. आता निघोज्यात राहतो, चाकणच्या कंपन्यांच्या जवळ. घरमालकीण आत्याबाई गावातल्या जुन्या. त्यांनी शेत विकून उरलेल्या तुकड्यावर दोन मजले खोल्या काढल्या आहेत. वरच्या मजल्यावर शेजारी शेजारी दोन खोल्या आमच्या. एका खोलीत मी, आमचे हे आणि आमची आरोही. दुसऱ्या खोलीत माझे धाकटे दीर आणि जाऊ वैशाली. पुढे दोघींची मिळून एकच गॅलरी. गॅलरीतून खाली रस्ता दिसतो, त्यावर दिवसभर कंटेनरच्या गाड्या. रस्त्यापलीकडे एका कंपनीची लांबच लांब भिंत आणि त्या भिंतीला टेकून एक जुना उंबर.

मी एका कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या भाजते. सकाळची पाळी. मी निघते तेव्हा आरू झोपलेली असते. मग ती उठणार वैशालीच्या हाताने, दूध पिणार वैशालीच्या हाताने, आणि मी दुपारी घरी येते तेव्हा वैशालीच्याच मांडीवर झोपलेली असते. वैशाली घरीच असते. कंपनीतून रबरी वायसरची पोती आणून गॅलरीत बसून त्यांच्या कडा कात्रीने साफ करते. तिला मूल नाही. दोनदा राहिलं आणि दोनदा गेलं. बारावी शिकलेली, बोलायला गोड, कधी कोणाला उलटून बोलणार नाही. एखादी बाई वाईट असली म्हणजे तिच्यावर जळणं सोपं असतं. वैशालीने मला तेवढीही सोय ठेवली नव्हती.

आरू मला मम्मी म्हणते. मीच शिकवलं तसं. बिल्डिंगमधली सगळी पोरं मम्मी म्हणतात, मग आपलीच का मागे राहावी. मी येडी, मला काय माहीत की आई हा शब्द मोकळा राहिला म्हणजे पोर तो दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाकेल. एक दिवस दुपारी जिना चढत होते तेव्हा वरून तिचा आवाज आला — आई, पाणी. मी धावतच वर गेले. ती वैशालीला हाक मारत होती.

वैशालीचा चेहरा उतरला. म्हणाली, "ताई, मी नाही हो शिकवलं. मी काकूच म्हण म्हणते."

मी म्हटलं, लेकरू आहे, चालायचंच. आणि आत जाऊन अंगावरचे कपडे न बदलता तशीच भांडी घासायला बसले.

हे सगळं दिवाळीनंतरचं. थंडी पडली होती आणि त्याच सुमारास तो पक्षी यायला लागला.

पहिल्यांदा मला आरूनेच सांगितलं. उंबरात पक्षी बोलतो म्हणाली. मी विचारलं कसा बोलतो, तर वैशालीकडे बघून हसली. वैशालीपण हसली. त्या दोघींचं ते हसणं मला अजून आठवतं. वैशालीने सांगितलं की मी बसमध्ये बसून गेले की थोड्या वेळाने तो सुरू होतो, आणि ऊन डोक्यावर आलं की थांबतो. दिसत नाही, नुसता आवाज. असा आवाज तिने आधी कधीच ऐकला नव्हता. ती पारनेरकडची, शेतातच वाढलेली, पाखरांचे आवाज तिला माहीत आहेत.

मग त्या दोघींना नादच लागला. वैशालीने मोबाईलवर ते पक्ष्यांचा आवाज ओळखणारं अ‍ॅप घेतलं. ते एकदा कोकीळ म्हणालं, एकदा दयाळ म्हणालं, आणि मग नुसतंच ओळखता येत नाही म्हणून सांगायला लागलं. दिरांच्या कंपनीत एक साहेब आहेत, सुट्टीच्या दिवशी दुर्बीण घेऊन पक्षी बघायला जातात. दिरांनी त्यांना तो आवाज पाठवला. त्यांनी सांगितलं, मागे गाड्यांचा आवाज फार आहे, पण नक्कल करणारा एखादा पक्षी असावा, आता नक्कल कोणाची ते सांगता येत नाही. आत्याबाईंनी तर आपला निकाल देऊन टाकला. जिन्यात बसून लसूण सोलता सोलता म्हणाल्या, "ह्यो आपल्याकडचा न्हाई. कोकिळा न्हाई, भारद्वाज न्हाई. वाट चुकून आलाय कुठून तरी."

बिल्डिंगमध्ये सगळ्यांनी ऐकला. खालच्या किराणावाल्याने ऐकला, दूधवाल्याने ऐकला. दुसऱ्या पाळीला जाणारे आमचे हे, जे कधी कशाकडे लक्ष देत नाहीत, त्यांनीपण ऐकला. फक्त मी नाही.

कारण गुरुवारी तो गायचा नाही. आमच्याकडे कंपन्यांना सुट्टी गुरुवारची. गुरुवारी मी घरी. सकाळी लवकर उठून गॅलरीत जाऊन बसायची, चहा तिथेच प्यायची, वैशालीच्या पोत्यातले वायसर घेऊन साफ करत बसायची. आरूला मांडीवर घ्यायची. उंबर तिथेच, कावळे तिथेच, चिमण्या तिथेच. त्याचा पत्ता नाही. मग मी एका सोमवारी आजारी असल्याचं सांगून रजा काढली. त्या दिवशीसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी कामावर गेले, तर संध्याकाळी आरू म्हणे, मम्मी, आज पक्षी खूप बोलला.

वैशाली सहज म्हणाली, "ताई, तुम्ही घरात असला की तो येतच नाही बघा."

तिच्या मनात काही नसणार. पण मला ते असं लागलं की मी दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाही. मला तर वाटायला लागलं की असा काही पक्षीच नाही. सगळ्यांनी मिळून रचलंय. त्या दोघींचं एक वेगळं घर झालंय, त्यात एक पक्षी आहे, आणि मी दारात उभी राहिले की ते घर बंद होतं. वैशाली रेकॉर्डिंग ऐकवायला यायची तर मी म्हणायची, आत्ता नको, हात पिठात आहेत. हात पिठात नसले तरी म्हणायची.

शेवटी मी काळेवाडीत खोली बघितली. कँटीनमधल्या एका बाईने दाखवली. तिच्या शेजारी बालवाडी होती, आरूला तिथे ठेवता आलं असतं. मला कामाला जायला लांब पडलं असतं, यांनापण. तरी मी यांना सांगितलं की आपण वेगळं राहू.

हे जेवत होते. म्हणाले, "कशाला? काय कमी पडायलंय इथं?"

"काही नाही. आरूला शाळेची सवय लागेल."

"वैशाली करायलीय ना तिचं. तिनं काही वाईट केलं का पोरीचं?"

"वाईट केलं नाही म्हणूनच जायचंय."

यांनी हातातला घास संपवला. मग ताट सरकवत म्हणाले, "जाऊ मग. पण तिला तूच सांगायचं. मी नाही सांगणार... त्या बाईचं आणखी एक लेकरू माझ्या तोंडानं जाऊ द्यायचं नाही मला."

मी सांगायचं ठरवलं. रोज ठरवायची, रोज राहायचं. आणि मग ती दुपार आली.

त्या दिवशी पाइपलाइनसाठी समोरचा रस्ता खणला होता, त्यामुळे गाड्या बंद होत्या. मी घरी आले तर वैशाली जिन्यातच उभी. आज एकदम स्वच्छ आवाज मिळाला म्हणाली, एक गाडी नाही, काही नाही. मी कणीक मळायला घेतली. या वेळी हात खरंच पिठात होते. मनात म्हटलं, आता हिला सांगूनच टाकू, काळेवाडीचं. तोंड उघडणार तेवढ्यात तिने मोबाईल मांडणीवर डब्याला टेकवून ठेवला आणि लावला.

दोन आखूड आवाज. मग एक लांब, वर वर चढत जाणारा. आणि शेवटी विहिरीत खडा पडावा तसा एकदम खाली.

माझे हात थांबले.

इथे मला फडातलं थोडं सांगावं लागेल, नाहीतर तुम्हाला कळणार नाही. ऊस तोडणाऱ्या बायका पोरांना बांधावर ठेवून फडात शिरतात. ऊस डोक्याच्या वर उंच, आत गेली की बाई दिसत नाही. पोर रडायला लागतं. मग आमच्या टोळीत बायका आतून हाळी द्यायच्या. बोलायचं नाही, नुसता आवाज काढायचा, आणि प्रत्येकीचा वेगळा, म्हणजे आपली आई कोणती ते पोराला कळतं. कोणी कुर्र करायची, कोणी शीळ घालायची. आणि बांधावरच्या पोराने जेवायचं ताट वाजवून उत्तर द्यायचं. ताट वाजलं की आईला समजायचं, पोर जागेवर आहे, विहिरीकडे गेलेलं नाही. मग ती पुढच्या सरीला लागायची. ताट वाजलं नाही तर पुन्हा हाळी, पुन्हा हाळी, घाईघाईने. आणि तरी उत्तर नाही आलं तर ती कोयता टाकून बाहेर यायची.

मोबाईलमध्ये होती ती माझ्या आईची हाळी.

तशी वाटली असं नाही म्हणत मी. तीच. जीभ टाळ्याला लावून ती तो आवाज काढायची. टोळीतल्या बाकीच्या बायका हसून तिला पाखरू म्हणायच्या, मुकादमसुद्धा म्हणायचा. मी किती वेळा काढून बघितला, माझ्या तोंडून नुसती हवा यायची. आजही तेवढीच येते.

आई माझ्या लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी गेली. तोडणीच्या दिवसांतच, इथून लांब, कोल्हापूरकडे. ताप अंगावर काढला. मला निरोप मिळून मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. निघोजं तिने कधी बघितलं नाही. आरूला बघितलं नाही, वैशालीलाही नाही.

वैशाली म्हणाली, "ताई, ओळखलात का हो? तुमच्या डोळ्यांत..."

"कांदा चिरलाय आत्ता," मी म्हटलं. ओट्यावर कांदा नव्हताच. तिला ते दिसलं असणार. तिने मोबाईल तिथेच ठेवला आणि आरूला घेऊन बाहेर गेली.

तुम्हाला वाटेल मला भीती वाटली. किंवा आनंद झाला. खरं सांगते, आधी राग आला, तोही आईचा. एवढी वर्षं माझ्या स्वप्नातसुद्धा आली नाहीस. आणि आलीस ती कधी, तर मी घरात नसताना. आलीस ती कोणाकडे, तर हिच्याकडे, जिच्या मांडीवर माझी पोर बसलेली असते. त्या दोघींना सगळा हिवाळा ऐकवलंस, दूधवाल्याला ऐकवलंस, आणि मला डब्याला टेकवलेल्या मोबाईलमधून. आरू माझी. आई माझी. आणि दोघी बसल्या कुठे, तर वैशालीच्या गॅलरीत.

मग मी ते पुन्हा लावलं. परत परत लावलं. कणीक सुकून गेली. आणि तेव्हा मला कळलं की ते गाणं नाहीच. दोन हाळ्यांमधलं अंतर कमी कमी होत चाललं होतं. आधी निवांत, मग लवकर लवकर, मग एकाला लागून एक. उत्तर आलं नाही म्हणजे द्यायची तशी. आणि मला लहानपणचं आठवलं. कधी कधी मी मुद्दाम ताट वाजवायची नाही. वाजवलं की ती पुढे निघून जायची ना. गप्प बसले की ती घाबरून बाहेर यायची, घामाने भिजलेली, पाचटाने गालावर ओरखडे उठलेले. मला जागेवर बघून पाठीत एक धपाटा घालायची आणि मग तिथेच जरा वेळ जवळ घेऊन बसायची. मुकादम ओरडेपर्यंत. त्या धपाट्यासाठी मी गप्प बसायची.

हे मी वैशालीला सांगितलं नाही, यांनाही नाही. गुरुवार आला. सकाळी आरू आणि वैशाली गॅलरीत बसल्या होत्या, पोतं उघडलेलं, आरू एक एक वायसर बोटात घालून बघत होती. तिने उंबराकडे बोट दाखवून वैशालीला विचारलं, "आई, आपला पक्षी कधी येणार?"

आपला.

मी आत गेले, आरूचं जेवायचं स्टीलचं ताट घेतलं, पळी घेतली आणि गॅलरीच्या कठड्याशी उभी राहून वाजवलं. तीन ठोके, थांबायचं, मग एक. आम्ही वाजवायचो तसं. जोरजोराने वाजवलं. मी इथे आहे, तिकडे कशाला हाका मारतेस, असं माझ्या मनात होतं. मला माझी वस्तू परत हवी होती, दुसरं काही नाही.

खालून आत्याबाई ओरडल्या, "काय गं सुमन, सूर्याला गिऱ्हाण लागलंय का पुन्हा करोना आलाय?"

रस्त्यावरची माणसं वर बघायला लागली. मी, जी दुकानात साखर मागायलासुद्धा लाजते, ती तिथे ताट बडवत उभी होते. आरूला फार मजा वाटली, ती टाळ्या पिटायला लागली. वैशाली मात्र हसली नाही. उठून माझ्याजवळ आली, आणि मी थांबेपर्यंत नुसती शेजारी उभी राहिली.

त्यानंतर तो पक्षी कोणालाच ऐकू आला नाही.

शुक्रवारी नाही, शनिवारी नाही, पुढे होळी झाली तरी नाही. पोती घेऊन वैशाली तशीच बसायची, मोबाईल कठड्यावर तयार ठेवून. आरूने बरेच दिवस विचारलं. रुसला वाटतं, असं वैशाली तिला सांगायची. वाट सापडली असंल त्याला, असं आत्याबाई म्हणाल्या.

काळेवाडीच्या खोलीचं मी पुन्हा काढलं नाही. यांनीही विचारलं नाही. त्या दिवशी वैशाली जशी शेजारी उभी राहिली, त्यानंतर तिला ते सांगायला माझी जीभ उचलली नाही. आणि फडातलं आणखी एक आठवलं होतं. बांधावर आम्हाला सांभाळायला गोदामावशी असायची, तिचा हात मोडलेला, कोयता धरता यायचा नाही. ती मला भाकरी भरवायची, केस विंचरायची. दिवसभर मी तिचीच असायची. माझी आई आत, उसात, तिच्याकडे फक्त ती एक हाळी. तिला गोदामावशीचा हेवा वाटत असेल का? ती कधी बोलली नाही. मीपण बोलणार नाही. आरू अजून वैशालीला आई म्हणते. पोटात अजून तुटतं. तुटू दे.

वैशालीने ते रेकॉर्डिंग जपून ठेवलंय. आरू जेवायला त्रास द्यायला लागली की लावते. मी समोर असले तर मला हमखास विचारते, "ताई, काही कळलं का हो कोणता पक्षी असेल?" मी म्हणते, नाही बाई. ते एवढं मी कोणाला देणार नाही. तुम्हाला सांगितलं, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

याला काय म्हणायचं, मला माहीत नाही. नक्कल करणारे पक्षी असतात, मान्य. पण मेलेल्या बाईची हाळी, तिच्या फडापासून एवढ्या लांब, त्याने कोणाकडून ऐकली? आणि गुरुवारी का नाही? डोकं चालत नाही.

खरं तर मला दुसरंच काहीतरी छळतं. बसमध्ये बसल्यावर, खिडकीतून तो उंबर मागे जाताना, रोज. ताट वाजलं की आई पुढच्या सरीला लागते, हे मला माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं. तरी हेव्याच्या भरात मी वाजवलं. अजून थोडे दिवस गप्प बसले असते... तर कोयता टाकून ती बाहेर आली असती का?